सात मजली पुनर्वसन इमारत, समोरासमोर ६ मीटर: नकाशात हवा-उजेड कसा तपासायचा?

नकाशावाला

मुंबईतल्या एका झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेच्या समितीपुढे विकासकाच्या वास्तुविशारदाने नकाशे ठेवले आहेत. तळमजला अधिक सात, उंची २४ मीटर. दोन विंग समोरासमोर, मधलं अंतर ६ मीटर. प्रत्येक मजल्यावर २ मीटरचा मधला कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना घरं. घर ३०० चौ. फूट चटई, म्हणजे २७.८८ चौ. मी. हॉल ३.० × ४.२ मी., त्याला १.२ × १.२ ची एक सरकती खिडकी. किचनची छोटी खिडकी त्याच बाजूला. संडास-बाथरूम १.५ × २.४ च्या डक्टवर (हवेसाठी वरपर्यंत सोडलेली उभी पोकळी). मजल्याची उंची ३ मी.

बैठकीत चर्चा सगळी चटई क्षेत्राची, लिफ्ट कोणत्या कंपनीची आणि टाइल्सची. हवेबद्दल विचारलं की उत्तर एकच : "सगळं नियमात आहे." गोवंडीच्या वसाहतींतल्या क्षयरोगावरच्या अभ्यासाबद्दल वाचलं आहे. त्यातून या नकाशासाठी नेमकं काय घ्यायचं? मेजपट्टी घेऊन बसलं तर काय काय मोजायचं? आशयपत्र (योजनेला तत्त्वतः मंजुरी) मिळालं आहे, आयओए (इमारतीच्या नकाशांना मंजुरी) अजून नाही.

कौलारू

आयओए नाही हे बरं झालं. सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) निघून जोत्यापर्यंत काम आलं की सुधारित नकाशे करायला कोणी तयार होत नाही, आणि त्यात विकासकाचाच दोष असतो असंही नाही. पाया एकदा पडला की कॉलम हलत नाहीत.

पहिलं काम : मजल्याचा नकाशा बाजूला ठेवा, सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखा छेद) मागा. दोन्ही विंग एकत्र कापलेला सेक्शन. बहुतेक वेळा एकाच विंगचा देतात आणि मधली फट कागदावर दिसतच नाही.

त्या सेक्शनवर तळमजल्याच्या खिडकीच्या खालच्या चौकटीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ मारा. चौकट १ मीटरवर धरली तर वर २३ मीटर, ६ मीटर अंतर : कोन साधारण ७५ अंश. म्हणजे त्या खिडकीतून आकाशाची फक्त १५ अंशांची पट्टी दिसणार. आता जुना मापदंड बघा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता. साध्या भाषेत, समोरची उंची मधल्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त नको. २४ मीटरला १२ मीटर हवेत. तुमच्याकडे बरोब्बर निम्मे आहेत.

मजल्यागणिक हिशेब केलात तर समितीला पटवायला सोपं जाईल. ६ मीटर अंतरात १२ मीटर उंची चालते. खिडकीची चौकट जमिनीपासून १२ मीटरवर किंवा त्याच्या वर असेल तरच समोरची भिंत या कोनात बसते. चौथ्या मजल्याची चौकट १३ मीटरवर येते, तो पास. तिसऱ्याची १० वर, तो नापास. आठ पातळ्यांपैकी तळ, पहिला, दुसरा, तिसरा गेले. आतल्या, म्हणजे फटीकडच्या बाजूची निम्मी घरं! घरं सोडतीने वाटली जाणार असतील तर प्रत्येक सभासदाला हा धोका सारखाच आहे, हे सभेत स्पष्ट बोला.

आणि "नियमात आहे" हे खरंच असू शकतं. राज्यातल्या इतर शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत १५ मीटरवरच्या इमारतीला बाजूचं अंतर उंचीच्या एक-पंचमांश आहे, म्हणजे २४ मीटरला ४.८. मुंबईची नियमावली वेगळी, आणि पुनर्वसन इमारतींना तिच्यात आणखी सवलती. योजना आर्थिकदृष्ट्या उभी राहावी म्हणून त्या दिल्या आहेत. मंजूर नकाशा म्हणजे राहण्याजोगा नकाशा असं समीकरण मांडू नका.

दुसरं, खिडकी. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्राच्या एक-षष्ठांश उघडझाप, म्हणजे उघडणारी जागा लागते. हॉल १२.६ चौ. मी., म्हणजे २.१ हवी. तुमची खिडकी १.४४ आहे. वर ती सरकती, एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे हातात ०.७२. तीच खिडकी बिजागरीची केली तर जवळपास पूर्ण मिळते. खर्चातला फरक फार नाही. अडचण ग्रिलची आहे : बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याला बॉक्स ग्रिल लागते, आणि मग त्या ग्रिलमध्ये कुंड्या, बादल्या आणि घडवंची येते. ग्रिलचा एकच नमुना आधी ठरवून टाका.

तिसरं, डक्ट. त्याच संहितेत २४ मीटरपर्यंतच्या इमारतीला डक्ट किमान ५.४ चौ. मी. आणि सर्वात अरुंद बाजू १.८ मी. लागते. तुमचा १.५ × २.४ म्हणजे ३.६. तो १८ मीटरच्या इमारतीलाही कमी पडतो, तिथे ४.० लागतात. शिवाय ही मापं मोकळ्या जागेची आहेत. संडासाचे, सांडपाण्याचे, पावसाचे पाइप भिंतीला लागले की दीडातले २० सेंटिमीटर तिथेच गेले.

जनस्वास्थ्य

गोवंडीच्या अभ्यासाबद्दल, कारण त्याचा हवाला दोन्ही बाजूंनी चुकीचा दिला जातो.

मुंबई पालिकेच्या एम-पूर्व (गोवंडी-मानखुर्द) विभागातल्या तीन पुनर्वसन वसाहती घेतल्या होत्या : लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक. अहवाल २०१८ चा. घरोघरी विचारपूस केली आणि इमारतींची संगणकीय प्रतिकृती करून उजेड, दिसणारं आकाश आणि हवेचा प्रवाह काढला. पहिल्या दोन दाटीच्या वसाहतींत क्षयरुग्ण असलेली घरं तुलनेने मोकळ्या पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि खालच्या मजल्यांवर त्रास अधिक दिसला. कौलारू साहेबांची सेक्शनवरची रेघ आणि त्या अभ्यासातलं "दिसणारं आकाश" ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत.

त्यातून काय निघत नाही? इमारतीने क्षय होतो असं नाही. क्षय जंतूने होतो. एखाद्या क्षणी घेतलेल्या पाहणीत घर आधी की आजार आधी हे नीट सुटत नाही. पोषण, मधुमेह, तंबाखू, एका खोलीत किती माणसं झोपतात, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. तरी यंत्रणा सरळ आहे. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण बंद हवेत तासन्‌तास तरंगतात. हवा बदलत नसेल तर त्यांची संख्या चढत जाते. थेट सूर्यप्रकाशात जंतू लवकर मरतात, आणि तुमच्या फटीकडच्या खालच्या चार मजल्यांवर तोच फारसा पोचत नाही.

एक बाब नकाशात सहज निसटते. घनतेचा नियम पुनर्वसन योजनेत *किमान* आकडा देतो : निव्वळ हेक्टरी ६५० घरं. कमाल मर्यादा म्हणून तो लिहिलेला नाही. ६५० घरं म्हणजे एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे १५ चौ. मी. जमीन, त्यातच रस्ता, पंपरूम, वाहनं, मुलांचं खेळणं. घराचं क्षेत्र वाढत गेलं, २२५ चे २६९ झाले, २०१८ पासून ३०० झाले, हे चांगलंच आहे. पण मोकळी जागा त्या प्रमाणात वाढली नाही आणि तिच्यासाठी कोणी मोर्चाही काढला नाही.

समितीला सांगायचं झालं तर : खिडकी मोठी झाली म्हणून औषधोपचार टळत नाहीत. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडक्याची तपासणी, घरातल्या सगळ्यांची चाचणी, हे नव्या इमारतीतही करावंच लागतं. फक्त बंद घरात एका रुग्णामागे बाधित होणारी माणसं वाढतात.

वारेमाप

आता आकडे. कॅल्क्युलेटर घ्या.

एकाच बाजूने उघडी असलेल्या खोलीसाठी ढोबळ सूत्र : प्रवाह = ०.०२५ × उघडं क्षेत्र × वाऱ्याचा वेग. तुमच्याकडे ०.७२ चौ. मी., वारा सेकंदाला १ मीटर धरू. उत्तर ०.०१८ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला ६५ घनमीटर. घराचं आकारमान २७.८८ × २.७५ = साधारण ७७ घनमीटर. तासाला एक वेळसुद्धा हवा पूर्ण बदलत नाही. पाच माणसांत वाटलं तर माणशी ३.६ लिटर प्रति सेकंद. घरांसाठी माणशी १० लिटर हे आजकाल धरलं जाणारं माप आहे.

आरपार हवेचं सूत्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतलं : ०.६५ × वाऱ्याचा वेग × सर्वात लहान उघडझाप. कॉरिडॉरच्या बाजूला फक्त ०.२ चौ. मी. ची जाळी मिळाली, म्हणजे साधारण १ मी. × २० सेंमी., तरी ०.१३ घनमीटर प्रति सेकंद. तासाला ४६८. सात पटींहून जास्त! मोठी खिडकी लावून हे मिळत नाही, दुसऱ्या बाजूला भोक लागतं. चाळीत खोली छोटी असूनही गॅलरीकडचं दार उघडं टाकलं की हवा वाहायची, ती याच कारणाने.

पण तीन अटी. एक, कॉरिडॉर स्वतः बाहेर उघडा हवा, दोन्ही टोकांना खिडकी किंवा जाळी. बंद कॉरिडॉरमध्ये जाळी काढली तर शेजाऱ्याच्या घरातली हवा तुमच्या घरात येते, खोकल्यासकट. दोन, ६ मीटरच्या फटीत खालच्या मजल्यांवर वारा सेकंदाला १ मीटर मिळेलच असं नाही. ०.३ धरून पुन्हा गणित करा. वारा पडला की आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने थोडी हवा हलते, त्यामुळे उत्तर शून्य येत नाही, पण त्यावर विसंबू नये. तीन, डासांची नायलॉन जाळी लागली की साधारण एक-तृतीयांश वेग गेला, आणि धूळ बसली की आणखी.

प्रत्यक्ष तपासायचं असेल तर त्याच विकासकाच्या किंवा तशाच आराखड्याच्या राहत्या इमारतीत जा. कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या (श्वासातून साचणाऱ्या या वायूवरून हवा किती बदलते ते कळतं), पण इन्फ्रारेड सेन्सरचा. स्वस्त मीटर वासावरून अंदाज बांधतात आणि उदबत्ती किंवा फोडणी दिली की भलतेच आकडे दाखवतात. बाहेर मोकळ्यावर आधी धरा, ४२० पीपीएम (हवेच्या दशलक्ष भागांत ४२०) च्या आसपास दिसायला हवं. मग रात्री माणसं झोपलेल्या खोलीत उशापासून लांब ठेवा. माणशी ३.६ लिटर हवा असेल तर सकाळपर्यंत साधारण १३०० च्या पुढे जातो. १० लिटर मिळत असेल तर ९०० च्या आत राहतो.

हवा किती वेळा बदलते हे काढायचं तर सगळे बाहेर पडा, दार लावा, मीटर आत. समजा १८०० वरून तासाभरात ११०० झालं. दोन्हींतून ४२० वजा : १३८० आणि ६८०. भागाकार २.०३, त्याचा नैसर्गिक लॉग ०.७१. म्हणजे तासाला ०.७ वेळा. खिडकी उघडी, बंद, दाराची फट उघडी, अशा तिन्ही अवस्थांत करा.

उजेडासाठी : संहितेत हॉलला ०.६२५ टक्के दिवसप्रकाश गुणक (बाहेरच्या उजेडाचा किती टक्के आत पोचतो) धरतात, किचनला २.५. एक टक्का म्हणजे ८० लक्स (उजेडाचं एकक). तेव्हा हॉल ५० लक्स, किचन २०० लक्स. खालच्या मजल्यावर किचनचे २०० मिळणं कठीणच. मोबाइलचं ॲप तुलनेपुरतं ठीक, तळमजला आणि सातवा मजला एकाच वेळी मोजा. त्या दोन आकड्यांतला फरक बोलका असतो.

नकाशावाला

तिघांचेही आभार. वास्तुविशारदाला आरपार हवेचं विचारलं. त्यांचं म्हणणं, दारावर जाळी देतो, नाहीतर बाथरूमला एक्झॉस्ट फॅन बसवून घ्या, त्याने घरभर हवा खेचली जाईल. हे चालेल का?

जिनाबाई

दारावरची जाळी परस्पर मान्य करू नका, भाऊ. २४ मीटरची इमारत आणि तो कॉरिडॉर हाच सुटकेचा मार्ग. एका घरात सिलिंडरचा भडका उडाला की त्या जाळीतून धूर मिनिटाभरात कॉरिडॉरमध्ये, आणि तिथून समोरच्या घरांच्या जाळ्यांत. अग्निशमन विभागाच्या ना-हरकत प्रमाणपत्रात त्या दारांबद्दल काय अट आहे ते आधी वाचा. कॉरिडॉर बंदिस्त असेल तर जाळीचा विषय तिथेच संपतो.

कॉरिडॉर एका बाजूने उघडा, कठड्याचा, चाळीच्या गॅलरीसारखा केला तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात : धूर बाहेर जातो, घराला दुसरी बाजू मिळते. त्यासाठी घरं एकाच बाजूला घ्यावी लागतात. मजल्यावरची घरं कमी होतात, विकासक ते सहज देणार नाही. मधला तोडगा म्हणजे दर चार-पाच घरांनंतर कॉरिडॉरला बाहेरपर्यंत खाच पाडणं. मजल्यावरचं एखादं घर जातं, पण पूर्ण कॉरिडॉरला उजेड येतो. ती घरं वर आठवा मजला चढवून भरून काढायची का, यावर मात्र भांडण होणार. उंची २७ मीटर झाली की कौलारूंची रेघ आणखी उभी होते.

वारेमाप

जिनाबाईंशी सहमत, माझ्या ०.२ च्या जाळीला उघड्या गॅलरीचीच अट समजा.

एक्झॉस्ट फॅनबद्दल : ६ इंची फॅन खोक्यावरच्या आकड्यानुसार तासाला साधारण २०० ते ३०० घनमीटर खेचतो. कागदावर छान. पण तो आकडा मोकळ्या हवेतला. अरुंद डक्टमध्ये आठ मजल्यांचे आठ फॅन एकदम चालू झाले की डक्टमध्ये दाब वाढतो, आणि ज्याचा फॅन बंद त्याच्या बाथरूममध्ये इतरांचा वास. म्हणून :

फॅनला उलटी हवा अडवणारी झडप हवीच, आपोआप पडणारी. बाथरूमच्या दाराखाली २ सेंमी. फट ठेवा, नाहीतर फॅन फिरतो आणि हवा येत नाही. ७५ सेंमी. दाराला ती १५० चौ. सेंमी. होते, ६ इंची फॅनला जेमतेम. डक्ट वर आकाशाला उघडा आणि खाली पायथ्याशीही हवा यायला जाळी हवी. तळाला बंद डक्ट म्हणजे नुसता खड्डा. आणि एसीचे बाहेरचे युनिट डक्टमध्ये बसवायला सोसायटीच्या ठरावाने बंदी घाला. एकाने बसवला की वरच्या सगळ्यांना गरम हवा.

किचनमध्ये फिल्टरवाली, नळीशिवायची चिमणी घेऊ नका. ती तेल अडवते. गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू आणि वाफ घरातच फिरवते. नळी ६ इंची, वळणं दोनच्या आत, मध्येच ४ इंची पाइप जोडू नये. हे सगळे दुकानदार सांगतात आणि सगळे मिस्त्री विसरतात.

फॅन हा पूरक आहे. वीज बिल वाढतं म्हणून दोन महिन्यांत बंद होतो.

कौलारू

मग मागायचं काय, या क्रमाने मागा. सगळं मिळणार नाही हे धरून चला.

पहिली मागणी दोन विंगमधलं अंतर. १२ नाही मिळालं तरी ९ मिळालं तर समोर १८ मीटर उंची चालते. दुसऱ्या मजल्याची चौकट ७ मीटरवर, तिच्यापासून वर १७. तो पास होतो, नापास फक्त तळ आणि पहिला. दोन्ही विंग थोड्या सरकवून, खिडक्या समोरासमोर न आणता, एका टोकाला फट रुंद करता येते का हे विचारा. वास्तुविशारदाला यात अर्धा दिवस लागतो.

दुसरी मागणी : तळमजल्यावर आतल्या बाजूला राहती घरं नकोत. सोसायटी ऑफिस, बालवाडी, मीटर रूम तिकडे न्या. पण बालवाडी सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यात टाकायची जुनी खोड आहे. तिला बाहेरची, रस्त्याकडची बाजू द्या, मीटर आणि पंप आत. खेळायची जागा नकाशात कुठे दाखवली आहे तेही पाहा. पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या गच्चीवर) दाखवली असेल तर आठवण करून द्या की सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कोहिनूर प्रकरणात मनोरंजन मैदान जमिनीवरच हवं असं म्हटलं आहे.

तिसरी : डक्ट ५.४. चौथी : बिजागरीची खिडकी, २.१ चौ. मी.

मागण्या तोंडी नकोत. प्रत्येकीखाली सेक्शनचा तुकडा, मोजमाप, संहितेतला आकडा, आणि सभेचा ठराव जोडून आयओएच्या आधी झोपु प्राधिकरणाच्या कार्यकारी अभियंत्याकडे द्या, पोच घ्या. विकासकाला प्रत.

जनस्वास्थ्य

एक भर. अंतर ९ मीटर मिळवाल, पण त्या फटीत वरून कचरा पडायला लागला तर खालचे लोक खिडक्या कायमच्या बंद करतात. गोवंडीसारख्या वसाहतींत खालच्या घरांची खिडकी उघडी न राहण्याचं मोठं कारण हेच : कचरा, तुंबलेलं गटार, डास, आणि समोरच्या खिडकीतून थेट घरात दिसणं. संगणकीय प्रतिकृतीत खिडकी उघडी धरलेली असते!

म्हणून त्या फटीत वाहनं आणि सायकली नकोत, पण जाण्यायेण्याचा रस्ता जरूर ठेवा. माणसं वावरतात तिथे कचरा टाकताना लोक थोडे तरी बिचकतात. ड्रेनेजचे चेंबर फटीच्या मधोमध घ्या, भिंतीलगत नको, म्हणजे उपसायला माणूस नीट उभा राहतो. दर मजल्यावर लिफ्टजवळ ओल्या-सुक्याच्या दोन डब्यांची जागा नकाशातच दाखवून घ्या, ०.६ × १.२ मी. पुरते. नंतर ती जागा कोणी देत नाही, तिथे चपलांचं कपाट आलेलं असतं.